मदत हवी आहे : अभ्यासात नाव घातलं तर बाळंतपण माहेरी चालेल का?

आम्ही खानापूर तालुक्यातले (बेळगाव जिल्हा, कर्नाटक). वहिनी पहिलटकरीण, चौथा महिना, हिमोग्लोबिन ८.६. लोहाच्या गोळ्या की शिरेतून लोह, यात जास्त गुण कशाचा, या अभ्यासात नाव घालणार का असं दवाखान्यात विचारलंय. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. अभ्यासाला आमचा विरोध नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी कमी होतो, हे २००६ साली आपल्याच बेळगाव भागातल्या अभ्यासातून पुढं आलं.

संमतीपत्र आधी कानडीत दिलं, मागितल्यावर मराठी प्रत मिळाली. कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे त्यात आहे. सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणीही बघितली, आहे.

अडचण एकच. बाळंतपण माहेरी, चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात. आणि बाळ-बाळंतिणीची तपासणी ४२ दिवसांपर्यंत लिहिलीय. विचारलं तर "बघू की" एवढंच उत्तर. आशाताई म्हणतात बाळंतपण इकडंच करा. पण माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, करणार कोण?

सही सोमवारी आहे. हद्दीपलीकडं तपासणीला माणूस येतो, की आपणच यायचं, आणि मग गाडीभाडं मिळतं का? हे लेखी कुणाकडं मागावं, मुख्य संशोधक डॉक्टरांकडं की एथिक्स कमिटीकडं (अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित बघणारी समिती)?