मदत हवी आहे: पिशवी काढल्यावर पायाची सूज आणि अंगातून वाफा

नमस्कार मैत्रिणींनो. वय 49, नागपूर, मानेवाड्याकडे राहते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला म्हणून चार महिन्यांपूर्वी पिशवी, दोन्ही अंडाशयं आणि ओटीपोटातले लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) काढले. टाके भरले, रिपोर्ट चांगला आला. घरचे म्हणतात, "आता काय, बरी झालीस!"

पण डावा पाय संध्याकाळपर्यंत इतका जड होतो की चपलेचा पट्टा रुततो, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो. डॉपलर (पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं, रक्ताची गुठळी नाही. डॉक्टर म्हणाले लिम्फेडेमा, म्हणजे लिम्फ नोड काढल्यानं पायात पाणी साचून येणारी सूज, आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे दिले. नागपूरचं ऊन आणि ते मोजे! वर अंडाशयं गेल्यानं वाफा. रात्री कूलरसमोर बसूनही गाऊन भिजतो. माझ्या केसमध्ये हार्मोनच्या गोळ्या नकोत म्हणाले.

उन्हाळ्यात तुम्ही मोजे कसे निभावता? लिम्फेडेमाचा मसाज येणारी फिजिओथेरपिस्ट नागपुरात कुणाला माहीत आहे का? वाफांसाठी हार्मोनशिवायची गोळी कुणी घेतली असेल तर किती दिवसांनी फरक पडला? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभव ऐकायचा आहे. जवस मात्र सुचवू नका, सासूबाईंनी तीन डबे आणून ठेवलेत.