अनुभव धागा : शिडाच्या जहाजावरचे शिक्षण

नौदलाची ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही दोन्ही प्रशिक्षण-जहाजे गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आहेत. पहिले १९९७ मध्ये आणि दुसरे २०१२ मध्ये नौदलात दाखल झाले. दोघांचाही मुक्काम कोचीला असतो. ५४ मीटर लांबी, तीन डोलकाठ्या आणि वीस शिडे असलेल्या ‘तरंगिणी’ने २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही केली. त्या सफरीच्या बातम्या पुष्कळ छापून आल्या, पण अशा जहाजावर गेलेली विशीतली मुले दिवसभर नेमके काय करतात, हे मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. ज्यांनी हे शिक्षण घेतले, दिले किंवा घरातल्या कुणाला त्यासाठी पाठवले, त्यांनी कृपया लिहावे. पराक्रमाच्या कथांपेक्षा काम कसे चालते ते आले, तर नव्याने जाणाऱ्या मुलामुलींना त्याचा अधिक उपयोग होईल.

निवृत्त नौदल अधिकारी, पुणे

सुरुवात डोलकाठीवर चढण्यापासून होते. चढायचे ते नेहमी वाऱ्याच्या बाजूने, कारण वारा पाठीवर येऊन माणसाला दोरांच्या शिडीवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने चढणाऱ्याला तोच वारा शिडीपासून दूर ढकलत असतो. कमरेचा पट्टा आणि त्याची कडी असतेच, तरीही एक हात स्वतःसाठी आणि एक जहाजासाठी, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

खरे काम वर पोहोचल्यावर सुरू होते. चौकोनी शीड ज्या आडव्या काठीला बांधलेले असते, तिच्याखाली पाय ठेवण्यासाठी एक दोर टांगलेला असतो. त्यावर उभे राहून, पोट काठीवर टेकवून, खाली वाकून शीड गोळा करायचे असते. त्या दोरावर नवा माणूस आला की दोर ताणला जातो आणि आधीपासून उभ्या असलेल्यांचे पाय एकदम वर उचलले जातात, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगायचे आणि शेजाऱ्याचा होकार ऐकल्यावरच टाकायचे, ही शिस्त अतिशय कडकपणे पाळली जाते. वाऱ्याने फुगलेले ओले कापड पत्र्यासारखे ताठ होते, आणि त्याची घडी बोटांच्या चिमटीत येता येत नाही. सगळ्यांनी एकाच क्षणी मूठ भरून ओढले तरच ते काठीवर चढते. एकाचा हात सुटला तर वारा नेमका त्याच जागेतून आत शिरतो आणि गोळा केलेले सारे पुन्हा खाली जाते. आमच्या तुकडीत पंजाब, केरळ, मणिपूर अशा ठिकाणची मुले होती आणि सुरुवातीला आमचे आपसात धड संभाषणही होत नव्हते. आम्ही एकमेकांना ओळखू लागलो ते वर, त्या काठीवर. वर्गात ते कधीच घडले नसते, असे माझे ठाम मत आहे.

सेवेतील महिला अधिकारी, विशाखापट्टणम

मला दोरांविषयी लिहायचे आहे. ‘सुदर्शिनी’वर सुमारे साडेसात किलोमीटर दोर आहे. प्रत्येक दोर कठड्यालगतच्या ठरलेल्या खुंटीला आठच्या आकड्यासारखा गुंडाळलेला असतो आणि उरलेले वेटोळे त्याच खुंटीवर टांगलेले असते. कोणता दोर कोणत्या शिडाचा, हे आधी दिवसा पाठ करायचे आणि नंतर अंधारात हाताने चाचपून ओळखायचे, कारण मध्यरात्रीच्या पहाऱ्यात वारा फिरला तर दिवे लावून शोधत बसण्याइतका वेळ नसतो. आडव्या काठ्या वळवताना एका बाजूचा दोर खेचला जातो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा सैल सोडावा लागतो. पाहणाऱ्याचे लक्ष खेचणाऱ्यांकडे जाते, पण माझ्या मते सोडणाऱ्याचे काम अधिक अवघड आहे: भार हाताला सतत जाणवत राहिला पाहिजे आणि तरीही दोर अडता कामा नये.

माजी कॅडेट, नागपूर

समुद्र लागण्याचा त्रास जवळजवळ सर्वांना होतो आणि बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्या काळात पहाऱ्यातून सूट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मोकळ्या हवेत उभे राहून क्षितिजाकडे पाहत काम करणे, हे खाली आडवे पडून राहण्यापेक्षा खरोखरच बरे असते. कोरडी बिस्किटे खावीत आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे. पहारे चार-चार तासांचे असतात. मात्र संध्याकाळचे चार ते आठ हे तास दोन-दोन तासांच्या दोन पहाऱ्यांत वाटतात, त्यामुळे रोज एकाच गटाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही.

एक आई, न्यूकॅसल (इंग्लंड)

‘टॉल शिप्स रेसेस’ या शिडाच्या जहाजांच्या शर्यतींमध्ये भाग घेणाऱ्या जहाजांवरील निम्मे तरी खलाशी १५ ते २५ वर्षांचे असावे लागतात. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीहून लिस्बनपर्यंत झालेल्या शर्यतीपासून ही परंपरा चालत आली आहे. २०१८ मध्ये हा ताफा आमच्याजवळच्या संडरलंडला आला, त्यात ‘तरंगिणी’ही होती. तिच्या काठ्यांवर उभी असलेली भारतीय मुले पाहिल्यावरच माझ्या मुलाने पुढे एका लहान प्रशिक्षण-नौकेवर नाव नोंदवले. परतल्यावर तो शांतपणे भांडी घासू लागला, याचे आजीला फार अप्रूप वाटले; नौकेवर स्वयंपाकघराची पाळी कोणालाच चुकत नाही, असे त्याने सांगितले.

शिडकामाचे निवृत्त प्रशिक्षक, मालवण

किनाऱ्यावरची मुले या जहाजावर लवकर शिकतात, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. त्यांना लाटेची भीती नसते, परंतु तिरक्या शिडाच्या होडीची सवय असल्यामुळे वारा जिकडून येतो त्या दिशेच्या अगदी जवळून जहाज जाईल, असे त्यांना वाटते. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेशी साठेक अंशांचा कोन ठेवूनच चालते, त्यामुळे समोरच्या बंदराला जाण्यासाठी लांबचे वळसे घ्यावे लागतात. सुकाणूवर उभे केले की बहुतेक जण होकायंत्राकडे टक लावून चाक सारखे फिरवत राहतात. मी त्यांना वरच्या शिडाची वाऱ्याकडची कड पाहायला सांगत असे. ती थरथरू लागली की जहाज वाऱ्याच्या फार जवळ गेले असे समजावे, चाक थोडेसेच फिरवावे आणि जहाज वळेपर्यंत थांबावे. इतके वजन लगेच वळत नाही. ही वाट पाहण्याची सवय अंगी बाणलेला मुलगा पुढे इंजिनाच्या जहाजावरही सुकाणू नीट धरतो, हे मी अनेक तुकड्यांमध्ये पाहिले आहे.

जाणाऱ्यांनी पोहण्याचा सराव आधीपासून करावा, नखे कापलेली ठेवावीत आणि अंगठी, कडे किंवा गळ्यातली साखळी घरीच ठेवावी. धावत्या दोरात अंगठी अडकली तर बोट गमावण्याची वेळ येते.