मदत हवी आहे: झाकण उघडल्यावर वायफाय गायब, स्क्रिप्ट आपोआप चालत नाही

कृष्णाकाठ:
लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडलं की वायफाय बंद पडलेलं असतं. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत घातलं की लगेच येतं, म्हणून तेवढ्या दोन ओळींची स्क्रिप्ट केली. हाताने चालवली की चालते, आपोआप चालत नाही. दुकान गणपती पेठेत, गिऱ्हाईक बिलासाठी समोर उभं असतं. लवकर सांगा.

अजिंक्यतारा:
लिनक्स कुठलं? वायफाय कार्ड कुठलं? स्क्रिप्ट ठेवलीय कुठे?

कृष्णाकाठ:
उबुंटू. /ईटीसी/पीएम/स्लीप.डी मध्ये ठेवलीय. एका लेखात तसंच होतं.

मिरजवाला:
सस्पेंड, म्हणजे झाकण लावून झोपवायचंच कशाला? एसएसडी टाका आणि सरळ बंद करून चालू करा. मी कायम तेच करतो, कधी अडलं नाही.

अजिंक्यतारा:
मिरजवाले, त्यांनी ते विचारलंच नाही.
कृष्णाकाठ, तो फोल्डर जुन्या पीएम-युटिल्सचा, म्हणजे मशीन झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा. उबुंटूत १५.०४ पासून, म्हणजे २०१५ पासून, सिस्टमडी आहे, आता झोपवणं-उठवणं तेच बघतं आणि ते तिकडे ढुंकूनही बघत नाही. स्क्रिप्ट /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप मध्ये टाका. लॅपटॉप झोपताना स्क्रिप्टला पहिला शब्द 'प्री' मिळतो, उठल्यावर 'पोस्ट'. दुसऱ्या शब्दात सस्पेंड की हायबरनेट (सगळं डिस्कवर ठेवून बंद होणं) ते कळतं. जुन्या पद्धतीत उठताना 'रिझ्यूम' यायचा, तो तसाच राहिला असेल तर बदला.

कराडकर_पोरगा:
माझं वेगळंच आहे. झाकण लावून बॅगेत टाकला की साताऱ्याला एसटीतून उतरेपर्यंत लॅपटॉप तापलेला आणि बॅटरी निम्मी. हे पण स्क्रिप्टने होईल का?

अजिंक्यतारा:
/सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाच. 'एस२आयडल' (हलकी झोप) चौकटी कंसात असेल तर मशीन नीट झोपतच नाही. शेजारी 'डीप' (गाढ झोप) दिसतंय का ते बघ आणि नवा धागा काढ.

कृष्णाकाठ:
फोल्डर बदलला, शब्द बदलला. तरी तेच.

वारणाखोरे:
सिस्टमडीच्या मॅन पेजमध्येच (माहितीपानात) लिहिलंय की तो फोल्डर म्हणजे तात्पुरता जुगाड आहे. युनिट लिहा, म्हणजे काय कधी चालवायचं ते सिस्टमडीला सांगणारी छोटी फाइल. 'आफ्टर' आणि 'वॉन्टेडबाय' दोन्हीकडे सस्पेंड.टार्गेट, मग एनेबल. /ईटीसी मध्ये राहतं, आपलं आपल्याला सापडतं.

अजिंक्यतारा:
दोन ओळींसाठी युनिट? दुकानदाराला बिलं काढू द्या हो.

वारणाखोरे:
पाच स्क्रिप्टा झाल्या की कळेल. त्या फोल्डरातल्या सगळ्या एकदम सुटतात, क्रम राहत नाही. एक जरी अडकली तरी झोपणं खोळंबतं.

अजिंक्यतारा:
त्यांची एकच आहे. कृष्णाकाठ, स्क्रिप्टवर 'एलएस -एल' (फाइलच्या परवानग्या दाखवणारी कमांड) करून पहिली दहा अक्षरं इथे टाका. कार्डाचं नाव अजून आलेलं नाही.

कृष्णाकाठ:
-आरडब्ल्यू-आर--आर--

अजिंक्यतारा:
'एक्स' कुठाय? चालवायची परवानगी नसलेली फाइल सिस्टमडी गुपचूप सोडून देतं, एररसुद्धा येत नाही. हाताने तुम्ही 'बॅश' लावून चालवत असणार, म्हणून तिथे चालली. सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लावून चमॉड +एक्स करा, म्हणजे ती परवानगी मिळेल, आणि पहिल्या ओळीत #!/बिन/एसएच आहे ना ते बघा.

कृष्णाकाठ:
चाललं! झाकण उघडलं की वायफाय येतंय. फार उपकार झाले. कार्ड रिअलटेकचं आहे.

मिरजवाला:
रिअलटेक असेल तर कार्डच बदलून टाका.