पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लगेच बंद होतं का?

शॉपफ्लोअर:
चाकणला नोकरी, पगार २०,८००. जुलैपासून २३,००० होणार. स्लिपवर ईएसआयचे १५६ रुपये कापलेले दिसतात आणि सीटीसीच्या (कंपनीला माझा पडणारा एकूण खर्च) कागदावर ‘कंपनीचा हिस्सा’ म्हणून आणखी ६७६. दोन्ही माझ्याच खिशातून जातात का? एचआर म्हणतं, सप्टेंबरपर्यंत कपात होणारच, ऑक्टोबरपासून ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम (कंपनीने काढलेला सामूहिक आरोग्य विमा). त्यात आईवडील नाहीत, आत्ता ते ईएसआयवर आहेत. त्यांचं काय?

पगारपत्रक:
एचआरचं बरोबर आहे. २१,००० ची मर्यादा मधेच ओलांडली तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात होते, तीही पूर्ण २३,००० वर. म्हणजे १७२.५०, वर ओढून १७३.

आधी एक बघा: या २३ हजारांत ओव्हरटाइम धरलाय का? मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. इथे बऱ्याच एचआरची गल्लत होते आणि माणूस उगाच ईएसआयच्या बाहेर पडतो.

आईवडिलांचं लगेच काही बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या पैशांचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. तुमची आधीची सहामाही भरलेली असेल तर पुढच्या ३० जूनपर्यंत पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) चालेल. चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात कोणी ‘नोंद बंद दिसते’ म्हणालं तर पोर्टलवरून अंशदानाचा तपशील छापून दाखवा.

६७६ बद्दल: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. मालकाचा हिस्सा पगारातून कापणं बेकायदा. सीटीसीत लिहिणं हा कागदी खेळ, तो चालतो. पण स्लिपच्या ‘कपात’ रकान्यात ६७६ दिसले तर लेखी हरकत घ्या.

क्लेमडेस्क:
ईएसआय आणि मेडिक्लेम, दोन्हींच्या पैशाची गोष्ट वेगळी आहे, तीच कोणी सांगत नाही. ईएसआयचा हप्ता पगारावर ठरतो. घरात दोन माणसं असोत की सहा, आईला मधुमेह असो की नसो, टक्के तेच. शिवाय आजारपणात ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत; मेडिक्लेम पगार देत नाही.

ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता माणसं, वयं आणि गेल्या वर्षीचे क्लेम बघून दरवर्षी नव्याने ठरतो. हप्ता १० लाख आणि क्लेम १३ लाख झाले की नूतनीकरणाला तुमची कंपनी हप्ता वाढवून देते, नाहीतर सवलती छाटते. पहिली कात्री बहुतेकदा आईवडिलांवरच.

आणखी एक मेख. नव्या माणसाचा हप्ता विमा कंपनीकडे ठेवलेल्या सीडी (आगाऊ जमा रकमेच्या) खात्यातून वळता होतो. त्यात शिल्लक नसेल तर नाव चढत नाही, आणि ते कळतं दवाखान्याच्या काउंटरवर. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच टीपीएचं (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) ई-कार्ड मागा.

शॉपफ्लोअर:
ओव्हरटाइम नाही, ग्रॉसच २३ आहे. ३ लाख म्हणजे पूर्ण ३ लाख ना?

क्लेमडेस्क:
खोलीभाड्याची अट वाचा. बहुधा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत, चार दिवस राहिलात. बिल १,२०,०००: खोली २४,०००, डॉक्टर-ओटी (शस्त्रक्रियेची खोली)-नर्सिंग ६०,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या ३६,०००. खोलीचे १२,००० मिळतील, आणि खोली पात्रतेच्या दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टर-ओटी-नर्सिंगचेही निम्मेच, ३०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कपात लागत नाही. एकूण ७८,०००, उरलेले ४२,००० तुमचे. म्हणून भरती होतानाच ‘पात्रतेतली खोली’ म्हणून सांगायचं.

पगारपत्रक:
नोकरी सोडलीत तर मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज राजीनाम्याच्या नोटीस काळातच द्या, म्हणजे प्रतीक्षाकाळाची भरलेली वर्षं धरली जातात. आईवडिलांची वेगळी पॉलिसी मात्र आत्ताच काढा. जुन्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि जूनपर्यंत ईएसआय आहे तोवर त्यातले काही महिने निघून जातील.