प्रतिसाद: शंख विरघळण्याआधीची गोष्ट

वर कुणीतरी लिहिलंय की समुद्र आम्लधर्मी झाला की व्हिनेगरमधल्या अंड्याच्या कवचासारखे शिंपले विरघळून जातील. काळजी रास्त आहे, पण चित्र थोडं वेगळं आहे. समुद्राचं पाणी आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपासून हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत गेल्यानं पृष्ठभागाचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) साधारण 8.2 वरून 8.1 वर आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण मोजपट्टी लॉगरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्यानं आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन पाव भागाहून जास्त वाढले. खरी अडचण कवच बांधताना येते, कारण त्यासाठी लागणारे कार्बोनेट आयन कमी पडतात.

मी नागपुरात नववीला विज्ञान शिकवते. पानठेल्यावरून आणलेल्या चुन्याची निवळी करून पोरांना नळीनं फुंकायला लावते. निवळी दुधाळ होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पुढेही फुंकत राहिलं (गाल दुखेपर्यंत फुंकावं लागतं) की ती पुन्हा नितळ होते! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालेलं असतं, समुद्रातही कार्बोनेट असंच कमी होतं, आणि मग शिंपल्याला कवच करणं जड जातं. सगळ्यात जास्त हाल पिल्लांचे. 2007 च्या सुमारास अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर एका कालव-पैदास केंद्रात अळ्या लाखोंनी मेल्या. पहिल्या दोनेक दिवसांत, अंड्यातल्या शिदोरीवरच त्यांना पहिलं कवच उभारायचं असतं, आणि तेवढ्यातच ताकद संपते. शेवटी तिथल्या लोकांनी टाक्यांच्या पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली. टाकीत ते जमतं, उघड्या समुद्रात कोण मिसळणार?