‘येस, प्लीज’ हे शाळकरी पोरांचं वाक्य नाही

शब्दवेडी
काल इथे एक धागा आला होता. त्यातला सल्ला असा: कुणी खायला-प्यायला विचारलं तर ‘येस, प्लीज’ म्हणू नका, ते शाळकरी वाटतं, ‘आय वुड बी मोस्ट डिलाइटेड टू हॅव सम’ म्हणा. खाली ‘छान माहिती’ म्हणणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

समोरचा बशी पुढे धरून ताटकळतोय आणि आपण मनात वाक्य जुळवतोय, यात सभ्यता कुठे आली? इंग्रजीत नुसतं ‘येस’ तुटक लागतं, हे मान्य. म्हणून होकाराला ‘प्लीज’ आणि नकाराला ‘थँक यू’ लावायचं. आपण अडखळतो, कारण ‘प्लीज’ म्हणजे विनंती असं डोक्यात बसलंय. त्यांनीच विचारलं तर विनंती कसली! पण हा शब्द आलाय ‘इफ यू प्लीज’मधून, म्हणजे ‘तुमची मर्जी असेल तर’. म्हणून तो होकारात चपखल बसतो. एवढे दोन शब्द हसून म्हटले की झालं.

उंबरठा
बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे बोलतो. तुमच्यासारखे लोक ‘एवढं पुरे’ म्हणतात आणि विद्यार्थी आयुष्यभर तेवढ्यावरच अडकतात. ‘दॅट वुड बी लव्हली’, ‘आयड लव्ह सम’, ‘जस्ट अ लिटल, प्लीज’ ही रोजची वाक्यं आहेत. ती शिकूच नयेत का?

शब्दवेडी
शिकू नका असं मी कुठे म्हटलं? तुम्ही दिलेल्या तिन्ही वाक्यांत ‘मोस्ट डिलाइटेड’ आहे का, ते आधी पाहा.

कोरा_कागद
होकाराचं सोडा, मी नकारात तोंडावर आपटलोय. परदेशी पाहुणे आले होते. मी विचारलं, ‘वुड यू लाइक सम कॉफी?’ ते म्हणाले, ‘आय अॅम गुड.’ मला वाटलं, तब्येत बरी आहे म्हणतायत. मी कप भरून त्यांच्यापुढे ठेवला. तासाभराने बैठक संपली तरी कप तसाच, वर साय धरलेली. त्यांनी तो दोन बोटांनी जरासा बाजूला सरकवला होता. ते पाहून काळजात चर्र झालं. ‘आय अॅम गुड’ म्हणजे ‘नको’, हे कुठल्या पुस्तकात होतं? मी तरी वाचलं नाही.

उंबरठा
मुळात ते अमेरिकी बोलणं. ‘नो, थँक यू’ म्हणायला काय जातं यांचं?

निळी_शाई
आणि आभारांच्या उत्तराचं काय? हल्ली ‘थँक यू’ म्हटलं की ‘नो प्रॉब्लेम’! मी काही प्रॉब्लेम आहे असं म्हटलं होतं का? ‘यू आर वेलकम’ कुठे गेलं? मुलाला दहादा सांगितलं, ऐकत नाही.

शब्दवेडी
निळी_शाई, विषय जेवणाखाण्याचा आहे.

कोरा_कागद
नाही, आता याचं उत्तर देतोच. ‘नॉट अॅट ऑल’, ‘डोन्ट मेन्शन इट’ ही तर जुनी, सभ्य उत्तरं ना? त्यांतही नकारच आहे. फ्रेंच ‘द रियाँ’, स्पॅनिश ‘दे नादा’, दोन्हींचा अर्थ ‘काही नाही हो’ असाच. मग एकट्या ‘नो प्रॉब्लेम’वर राग का?

निळी_शाई
फ्रेंच मध्ये आणू नका. कानाला जे खटकतं ते खटकतं.

उंबरठा
कानावर भाषा चालवायची तर व्याकरण बंद करा मग! वर्गात मी काय शिकवायचं, तुमच्या कानाला विचारून?

निळी_शाई
आवाज चढवायचं कारण नाही, मास्तर. माझी आई शेवटच्या दिवसांत अंथरुणाला खिळलेली होती. परदेशातून आलेली नर्स तिला पाणी द्यायची. आईला इंग्रजी दोनच शब्द यायचे. प्रत्येक घोटानंतर ती ‘थँक यू’ म्हणायची, आणि ती बाई प्रत्येक वेळी थांबून, तिच्याकडे बघून ‘यू आर वेलकम’ म्हणायची. माझा हट्ट तिथून आलाय.

कोरा_कागद
हे माहीत नव्हतं. तुमच्यापुरता शब्द मागे घेतो. ‘नो प्रॉब्लेम’ चूक आहे, हे मात्र अजूनही मानत नाही.

उंबरठा
शब्दवेडी, पटत नाही तरी एक कबूल करतो: ‘मोस्ट डिलाइटेड’ मीही कधी कुणाच्या घरी बोललेलो नाही. पण नुसतं ‘थँक यू’ म्हणून मोकळे होऊ नका, हेही लिहा. बशी पुढे आली असताना ते होकार वाटू शकतं आणि हात आडवा धरला की नकार. फ्रेंचमध्ये तर नुसत्या ‘मेर्सी’चा अर्थ ‘नको’ असा घेतला जातो.

शब्दवेडी
लिहिते. ‘येस’ किंवा ‘नो’ आधी, स्पष्ट. आणि खाऊन झाल्यावर नुसतं ‘थँक यू’ नको, काय आवडलं ते नाव घेऊन सांगा: ‘दॅट सूप वॉज लव्हली.’ करणाऱ्याला ते लक्षात राहतं.