मत वाया जातं का?

ब्रिटनमधल्या पर्यावरणवादी ग्रीन पार्टीबद्दल ‘तिला मत म्हणजे मत वाया’ असं म्हटलं जातं. संसदेपुरतं ते बरंचसं खरं होतं. २०१० ते २०२४ त्यांचा एकच खासदार. पण कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक नगरपालिकेसारख्या संस्थेचं, गणित निराळं. वॉर्ड लहान, निकाल कधीकधी मूठभर मतांवर लागतो, म्हणून दारोदार फिरणाऱ्यांना किंमत. २०२३ मध्ये मिड सफोकसारख्या ग्रामीण भागात त्यांना चक्क बहुमत मिळालं. पुढच्या वर्षी ब्रिस्टल शहराच्या कौन्सिलात ७० पैकी ३४ जागा! काम मात्र रटाळ: पत्रकं टाका, कोण आपल्याला मत देणार याची नोंद ठेवा, मतदानादिवशी त्यातल्या राहिलेल्यांना आठवण करून द्या. (पत्रकं टाकताना दाराच्या पत्रफटीत बोटं घालू नका, आत कुत्रा असू शकतो.) आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचे म्हणून मतदान करू शकतात. अनेकांना हे माहीतच नसतं.